कोल्हापूर ते कोल्हापूर : डॉ. आनंदीबाई जोशी यांचा प्रवास



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे बसले. त्यामुळे आज या व्यासपीठावर उभे राहताना वक्ता म्हणून जो संकोच वाटायचा तो वाटतोच. शिवाय निबंधाची वही तपासायला दिलेल्या मुलीची धास्तीही मनात आहे. मी व्यवसायाने डॉक्टर. पस्तीस वर्षे याच बेळगावात प्रसूतिगृह चालवले. इतिहासाचा माझा अभ्यास हौशी आहे, हे आरंभीच सांगून टाकते, म्हणजे सभागृहात बसलेल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना मला सांभाळून घेणे सोपे जाईल.

विषयाची निवड मात्र माझी नाही, बाईंची आहे. १९७० च्या पावसाळ्यात, आम्ही नववीत असताना, बाईंनी 'आनंदीबाई जोशी' या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी दोन वर्षांपूर्वी, १९६८ साली, प्रसिद्ध झाली होती आणि घरोघरी वाचली जात होती. मीही ती वाचलेली होती. मी सात पाने लिहिली. गोपाळराव कसे जिद्दी, कसे विक्षिप्त, पत्नीला शिकविण्याचा त्यांना कसा ध्यास, समाजाशी ते कसे झुंजले, असे सगळे त्यात होते. वर्गात सर्वांत मोठा निबंध माझाच. वही परत आली तेव्हा सातव्या पानाच्या तळाशी लाल शाईत फक्त दोन शब्द होते : "आणि ती?"

त्या वेळी मला राग आला होता. त्या दोन शब्दांचे उत्तर द्यायला मला पन्नासांहून अधिक वर्षे लागली. ते उत्तर आज तुमच्यापुढे वाचते.

हकीगत कोल्हापुरातून सुरू होते. आपल्यापासून ते किती लांब आहे हे तुम्हाला सांगायला नको. सकाळची बस पकडली तर दुपारच्या जेवणापर्यंत काम उरकून माघारी फिरता येते. १८७८ साली टपाल खात्यातले एक नोकर, गोपाळ विनायक जोशी, तेथे बदलून आलेले होते. त्यांची पत्नी तेरा वर्षांची. माहेरची ती यमुना, कल्याणच्या जोशी घराण्यातली, ३१ मार्च १८६५ चा जन्म. नवव्या वर्षी लग्न झाले. पती तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठे आणि बिजवर. लग्नात नाव मिळाले आनंदी. या मुलीला शिकविण्यासाठी अमेरिकेत जाता येईल काय, तेथे आपल्याला काही नोकरी मिळेल काय, असे विचारणारे पत्र गोपाळरावांनी कोल्हापूरच्या अमेरिकन मिशनमधील एका पाद्र्याला लिहिले. कोल्हापूर मिशनचे संस्थापक रॉयल वाइल्डर तेव्हा मायदेशी परतून प्रिन्स्टनला मिशनरी लोकांसाठी एक नियतकालिक चालवीत होते. पत्र त्यांच्याकडे पोहोचले आणि त्यांनी ते छापले. सोबत सल्लाही दिला, की आधी ख्रिस्ती व्हावे हे उत्तम. तो सल्ला पतिपत्नीने मानला नाही. प्रकरण तेथेच संपायचे.

ते संपले नाही याचे कारण एक दुखरा दात. न्यू जर्सी संस्थानातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई १८८० साली दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. वेळ जाईना म्हणून त्यांनी समोर पडलेला तो जुना अंक चाळला आणि घरी जाऊन या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. पुढची तीन वर्षे दोघींची पत्रे समुद्रावरून जात-येत राहिली. आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणू लागल्या. गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. कोल्हापूर सुटले, मुंबई, भूज, कलकत्ता, मग कलकत्त्याजवळचे श्रीरामपूर. या सगळ्या वर्षांत आनंदीबाईंचे शिक्षण म्हणजे नवऱ्याने घरी करून घेतलेला अभ्यास, मधूनमधून मिशनची शाळा, आणि रस्त्यातून जाताना लोकांनी केलेली टवाळी. याच कोवळ्या वयात त्यांना एक मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला.

येथे प्रसूतिगृहातली डॉक्टर म्हणून थोडे थांबते. ते मूल का गेले हे आज कोणालाही सांगता येणार नाही, आणि अशा गोष्टीवरून निदान करीत बसणे बरे नव्हे. पण चौदा वर्षांच्या आतबाहेरच्या मुलीचे बाळंतपण म्हणजे काय, हे मी पाहिलेले आहे. माझ्या उमेदवारीच्या काळात आसपासच्या खेड्यांतून अशा मुली येत. आत आल्या की बरोबरची सासू दारातच विचारायची, "बाई डाक्टर हाईत न्हवं?" बाई नसेल तर पोरीला परत न्यायची तयारी असे. आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतील कॉलेजला प्रवेशासाठी जो अर्ज पाठविला, त्यात येण्याचे कारण म्हणून हेच दिले आहे, की आपल्या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार करून घेण्यापेक्षा मरण पत्करतात आणि त्यांना जे साहाय्य हवे आहे ते आपल्याला द्यायचे आहे. शंभर वर्षांनी मी तेच वाक्य आमच्या दारात ऐकत होते.

अमेरिकेला जाण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ या दिवशी, श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीतून एक व्याख्यान दिले. वय सतरा पूर्ण, अठरावे संपायला महिना बाकी. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मला पहिल्यांदा मिळाले ते या व्याख्यानात. लोक आपल्याला जे जे विचारतात त्याचे त्यांनी सहा प्रश्न केले आणि एकेकाला उत्तर दिले. अमेरिकेला का जाता? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही का? एकट्या का जाता? परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचे काय? तेथे काही अरिष्ट ओढवले तर? आणि शेवटचा, जे आजवर कोणा स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करावे?

या उत्तरांतली एक गोष्ट मला विशेष वाटते. त्यांत आर्जव नाही. एकट्या का जाता, या प्रश्नाला त्या साधा हिशेब सांगतात : दोघांना जाण्याइतका पैसा नाही, आणि पतीच्या वृद्ध आईचा व धाकट्या भावंडांचा भार पतीवर आहे. वाळीत टाकण्याच्या प्रश्नावर त्यांनी श्रोत्यांनाच पेचात पकडले. मी तेथे याच वेषात राहणार, हेच अन्न खाणार, हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परत येऊन राहणार. एवढ्यावरही टाकायचे असेल तर आताच का टाकीत नाही, तुम्हाला मोकळीक आहे, असा त्या उत्तराचा रोख होता. शेवटच्या प्रश्नाला त्यांनी पुराणातले दाखले दिले, शिबिराजाचा आणि मयूरध्वजाचा. समोर बंगाली भद्रलोक, मिशनरी, साहेब, आणि ही मुलगी शिबीची गोष्ट इंग्रजीत सांगते आहे. चित्रपटात हा प्रसंग पुरता दाखवता आला नसता, असे मला वाटते. २०१९ साली आलेला 'आनंदी गोपाळ' मी थिएटरात दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा रडले, हे कबूल करते; तरी नावात दोन माणसे आहेत आणि त्यातले दुसरे नेहमी जरा पुढे येऊन उभे राहते, ही माझी जुनी तक्रार कायम आहे.

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराकडे मात्र एक डॉक्टर म्हणून लक्ष वेधते. आपल्या देशात मद्रासचे एकच कॉलेज स्त्रियांना पूर्ण वैद्यकी शिकवते, बाकी ठिकाणी केवळ सुईणपणाचे वर्ग आहेत, असे त्यांनी सांगितले. फेब्रुवारी १८८३ मध्ये ते बरोबर होते. मद्रासने १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश दिला होता. पण त्याच १८८३ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजनेही स्त्रियांना दार उघडले, आणि लवकरच कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात कादंबिनी गांगुली दाखल झाल्या. आनंदीबाईंना अमेरिकेत पदवी मिळाली त्या १८८६ सालीच त्याही इकडे डॉक्टर झाल्या. म्हणजे आनंदीबाई वर्षभर थांबल्या असत्या तर? हा प्रश्न मला एका तरुण सहकाऱ्याने विचारला होता, आणि विचारताना त्याचा सूर असा होता की ही सगळी यातायात फुकटच गेली. मी त्याला एवढेच म्हटले, की दार उघडणार आहे हे दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक नसते.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कॅलकटा' या आगबोटीने त्या निघाल्या. सोबतीला एका मिशनऱ्याची पत्नी. सुएझमार्गे इंग्लंड, तेथे बोट बदलून न्यूयॉर्क. ४ जूनला त्या उतरल्या तेव्हा कार्पेंटरबाई धक्क्यावर घ्यायला आल्या होत्या. ज्या दोघींनी तीन वर्षे एकमेकींना मावशी आणि भाची म्हटले, त्यांनी एकमेकींची तोंडे प्रथम त्या दिवशी पाहिली. उन्हाळा रोझेलच्या घरी गेला, आणि त्या वर्षीच्या शरदात आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. १८५० साली खास स्त्रियांसाठी निघालेले हे कॉलेज. त्याच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडले, विषय रसायनशास्त्र. परदेशी मुलींवर त्यांचा लोभ होता.

आमच्या बाई वर्गात एक प्रश्न विचारत, आणि आम्ही हसत असू. त्या विचारत, "पोरींनो, त्या तिकडे जेवत काय असतील?" आता मला तो या सगळ्या हकिगतीतला सर्वांत शहाणा प्रश्न वाटतो. शाकाहार सोडायचा नाही हे वचन श्रीरामपूरला भर सभेत दिलेले. फिलाडेल्फियाची थंडी म्हणजे आपल्या बेळगावच्या डिसेंबरला चारपाचांनी गुणावे तशी. स्वतःचे अन्न स्वतः शिजवायचे, आणि मग दिवसभर व्याख्याने, शवविच्छेदन, रुग्णालय. राहायला मिळालेल्या खोलीत शेगडी धड नव्हती. पेटवली की धूर कोंडे, न पेटवावी तर गारठा. नऊवारी नेसल्यावर पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. एवढा बदल. पण तोही नवऱ्याला पत्रातून कळवावा लागला, समजावावा लागला. इकडे गोपाळरावांच्या मनात संशयाने घर केले होते. ज्या माणसाने बायकोला सातासमुद्रापलीकडे पाठवण्याची हिंमत केली, तोच माणूस ती तिकडे बदलली की काय, या विचाराने तळमळत होता आणि बोचरी पत्रे धाडत होता.

अशाच एका पत्राला आनंदीबाईंनी दिलेले उत्तर मला त्यांच्या सगळ्या लिखाणात मोलाचे वाटते. दहाव्या वर्षी मोडक्या लाकडांनी बसलेला मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेली पुस्तके आणि खुर्च्या व सोडून जाण्याच्या धमक्या, चौदाव्या वर्षी इतर विचित्र शिक्षा, हे सारे त्यांनी त्यात क्रमाने मांडले. तुमचे वागणे चांगले की वाईट, हे ठरविणे अवघड आहे असे म्हटले. आणि मग निवाडा दिला, की त्यामागचा हेतू पाहिला तर ते योग्य होते, आणि लहान मुलाच्या मनावर होणाऱ्या परिणामाच्या दृष्टीने ते चूक होते. हे लिहिताना त्यांचे वय विशीच्या आतबाहेर होते. रुग्णाची तपासणी करावी तशी त्यांनी आपल्या बालपणाची तपासणी केली आहे. कुठे आक्रस्ताळेपणा नाही, आणि कुठे पांघरूण घालणे नाही. आम्ही नववीत ज्या गोपाळरावांवर सात पाने लिहिली, त्यांच्याविषयी अखेरचा शब्द त्या पत्रात होता. आमच्या हाती तो कोणी दिला नव्हता. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले तेव्हा पत्रांचा भरपूर उपयोग केला. पुढे १९९७ साली अंजली कीर्तने यांनी मोठा शोध घेऊन चरित्र सिद्ध केले. त्या दोन ग्रंथांच्या आधाराने मी हे बोलत आहे. ज्यांनी वाचले नसतील त्यांनी ते अवश्य वाचावेत.

कॉलेजातले एक छायाचित्र आहे, १० ऑक्टोबर १८८५ चे. तीन तरुणी, तिघींचा आपापल्या देशाचा पोशाख. साडीतल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी, आणि सिरियाच्या सबात इस्लामबुली. ओकामी १८८९ साली डॉक्टर झाल्या, इस्लामबुली १८९० साली. दोघी आपापल्या देशी परतल्या. हे छायाचित्र मी माझ्या दवाखान्यात टांगले होते. बायका विचारत, या कोण, तुमच्या नात्यातल्या का? मी हो म्हणत असे.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. ही पदवी मिळाली. प्रबंध आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. त्यात आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांचा आणि अमेरिकेत शिकलेल्या नव्या शास्त्राचा असा दोन्हींचा आधार होता. विषयाची निवड बघा. दहा दिवसांच्या मुलाला गमावलेल्या बाईने तीन वर्षे शिकून काय लिहिले, तर बाळंतपणाविषयी. समारंभाला गोपाळराव आलेले होते. आणि इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या पंडिता रमाबाई, आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्या, लहानग्या मनोरमेला घेऊन. रमाबाईही त्याच १८८३ साली समुद्र ओलांडून गेल्या होत्या. त्या वर्षी इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि इकडे गहजब झाला. एक धर्म बदलून, एक धर्म राखून, दोघी त्या दिवशी एका सभागृहात होत्या. रमाबाई त्यानंतर अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत हिंडल्या, व्याख्याने दिली, पैसा उभा केला, आणि परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. तारीख मुद्दाम धरली होती की योगायोग, यावर मी काही म्हणणार नाही. मला मात्र ती दरवर्षी आठवते.

आता पुन्हा कोल्हापूर. आनंदीबाई अमेरिकेत असतानाच कोल्हापूर दरबाराने त्यांना आपल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांच्या विभागाचे काम देऊ केले, आणि त्यांनी ते स्वीकारले. हे रुग्णालय म्हणजेच आपण ज्याला सी.पी.आर. म्हणतो ते, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. ऐंशीच्या दशकाच्या, म्हणजे अर्थात १८८० च्या, पूर्वार्धात बांधलेले. आठ वर्षांपूर्वी ज्या गावातून नवऱ्याने पत्र धाडले, रस्त्यात टवाळी सोसली, त्याच गावात डॉक्टर म्हणून जायचे होते. ऑक्टोबर १८८६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क सोडले. तोपर्यंत क्षयाने शरीर पोखरले होते. नोव्हेंबरात त्या मुंबईस उतरल्या, तेथून पुण्यास नेले, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिना राहिला होता.

त्यांच्या मरणाचा दोष कोणाकोणाला देण्यात येतो. फिलाडेल्फियाच्या थंडीला, शाकाहाराला, नवऱ्याच्या हट्टाला, पुण्यातल्या औषधोपचाराला. डॉक्टर म्हणून एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ साली दाखवून दिले, म्हणजे त्या अमेरिकेला निघण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. त्या जंतूंवर चालणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, निघाले १९४३ साली. मधल्या साठ वर्षांत क्षय झालेल्या माणसाला पुण्याचा वैद्य, मुंबईचा सर्जन किंवा अमेरिकेतला प्राध्यापक, कोणीही हमखास वाचवू शकत नव्हते. थंडी आणि अपुरे अन्न यांनी रोगाला वाट करून दिली असेल, हे मान्य. पण आनंदीबाई स्वतः डॉक्टर होत्या. आपल्याला काय झाले आहे आणि ते कोठवर जाणार आहे, हे परतीच्या बोटीवर त्यांच्याइतके कोणालाच कळत नसणार. तरीही त्यांनी कोल्हापूरचे काम नाकारले नाही.

रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली. न्यूयॉर्क संस्थानातील पोकिप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती पुरली आहे, आणि त्यावर दगड आहे. कोल्हापूरच्या रुग्णालयात पुढे, शाहूमहाराजांच्या कारकिर्दीत, डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी स्त्रियांवर उपचार केले. त्या मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकल्या होत्या, १८८३ साली दार उघडलेल्या त्याच कॉलेजात.

काही वर्षांपूर्वी एका रुग्णाला घेऊन मी सी.पी.आर.ला गेले होते. काम होईपर्यंत तासभर थांबावे लागले. त्या जुन्या दगडी इमारतीच्या व्हरांड्यात बाळंतिणींचे नातेवाईक डबे उघडून बसले होते. माझ्या शेजारी एक म्हातारी होती, निपाणीकडची. तिची नात आत होती. तिने मला विचारले, "बाई डाक्टर हाईत न्हवं?" मी म्हटले, आहेत, चार आहेत. तिला बरे वाटले आणि तिने मला डब्यातली अर्धी भाकरी दिली.

बाईंना हे सांगायचे राहून गेले. निबंधाची ती वही अजून माझ्याकडे आहे. लाल शाई जरा फिकट झाली आहे, पण शब्द वाचता येतात.